मसाजीचं अक्षर

पुतळ्यासाठी जमले एक लाख शहाऐंशी हजार.
त्यात वीटभट्टीवरच्या बायांचे दहा-दहाचे चुरगळलेले,
आणि पुण्याहून आलेलं एक पाकीट, आत चिठ्ठी :
माझ्या बापाचा दाखला त्यांनी काढून दिला होता.
एवढंच. खाली सही.

शिल्पकार म्हणाला, फोटो द्या.
फोटो नव्हता.
मिशा होत्या, म्हणाले रामजी ढेंबरे.
कुठल्या मिशा, म्हणाली पदमिनबाई,
ओठावर शाईचा डाग असायचा,
तुम्हाला लांबून मिशी वाटली असंल.
दोन बैठका यातच गेल्या.

चेहरा कुणालाच धड आठवेना.
अक्षर मात्र घराघरांतून निघालं,
पत्र्याच्या पेटीतून, तसबिरीमागून, ज्वारीच्या कणगीतून.
शिरोरेषा दोरी धरून ओढावी तशी.
मा. तहसीलदार साहेब, कळमनुरी,
आणि खाली कुठंच नाही 'कृपावंत होऊन'.
त्या जागी : हक्कानं मागतो.
हा शब्द खोडा म्हणून
तीनदा परत आलेला एक अर्ज सापडला,
आणि त्याला टाचलेला चौथा,
जशाला तसा.

निजामाच्या मदरशात चार इयत्ता, उंबऱ्याबाहेर बसून.
मराठी नंतर, दुकानांच्या पाट्या वाचत.
तहसीलच्या भिंतीला पाठ, मांडीवर पाट,
लिंबाची सावली दुसऱ्या अर्जनवीसांची,
म्हणून हा उन्हात.
"गावाच्या नावातच कलम आहे," म्हणायचा,
"मला कोण उठवतो?"
उठवला. सतरा वेळा.
पदमिनबाईनं मोजलंय.

बहात्तरला ती खडीवर होती.
मस्टरवर लिहिलेलं : ग्यानबाची बायको, ग्यानबाची सून,
आणि कुणीच नसलं मागं, तर नुसतं 'बाई एक'.
मजुरी नवऱ्याच्या हातात,
नवरा नसंल तर मुकादमाच्या.
मसाजीनं बेचाळीस बायांचा अर्ज केला.
रॉकेलच्या उजेडात एकेकीला विचारत गेला, तुझं नाव काय.
काहींना आठवायला वेळ लागला.
"मुकादमानं पहिल्यांदा पदमिन म्हणून हाक दिली," ती सांगते,
"तर मीच मागं वळून बघितलं,
कोण आलंय म्हणून."

तर पुतळा राहिला.
त्या पैशात एक खोली, तीन टेबलं,
एक इन्व्हर्टर, आणि हिंगोलीहून जुनं झेरॉक्स यंत्र
जे दर चाळीस कागदांनंतर खोकतं.
अर्ज लिहून देणं फुकट. झेरॉक्स एक रुपया.
शनिवार पारधी वस्तीचा,
जन्माची नोंदच नाही त्यांची लेकरं.
शमीम त्यांच्या माया-आज्यांना बसवून विचारते :
तेव्हा पीक कोणतं उभं होतं?
कोणत्या गावचा बाजार होता?
आणि त्यातून तारीख उकरून काढते.
संध्याकाळी दहावीची पोरं येतात,
थंडीत यंत्राला पाठ लावून भूगोल वाचतात.

परवा भुजंगराव आले,
ज्यांच्या वडलांनी मसाजीचा पाट विहिरीत फेकला होता.
सातबाऱ्याच्या दोन प्रती पाहिजे होत्या.
खोली जरा गप्प झाली.
दोन रुपये, म्हणाली शमीम.
त्यांनी पाचाचं नाणं ठेवलं, राहू द्या म्हणाले.
तिनं तीन रुपये मोजून
त्यांच्या तळहातावर ठेवले.

पाटीचं सांगायचं राहिलं.
पेंटर नांदेडचा, घाईतला.
सूर्यतळचं 'सूर्यतल' करून गेला.
ज्यानं बेचाळीस नावं नीट लिहायला लावली
त्याच्याच आडनावात चूक!
पैसे आधी दिलेले, फोन उचलीना.
मग कुणीतरी स्टुलावर चढून
खडूनं ल-चा ळ केला.
आठ-दहा दिवसांत वारा-धुळीनं तो जातो.
मग सकाळी जो कुलूप काढंल
त्यानं पहिलं स्टूल ओढायचं.

काल दुसरीतलं एक पोरगं विचारत होतं,
रंग का देत नाहीत?
देऊ की, म्हणालो मी.
तोवर हा खडू धर,
मी स्टूल धरतो.