रकाना क्रमांक सात

शहाद्याला खाजगीत होते तेव्हा
हा रकाना भरायला मला आवडायचं.
गुलाबी चिठ्ठीवर गुरुजींचं तिरपं अक्षर:
अकरा बेचाळीस ते अकरा चौपन्न.
बारा मिनिटं.
त्या बारा मिनिटांसाठी भूलतज्ज्ञ
आदल्या रात्रीच येऊन झोपायचे,
जनरेटरवाला डिझेल मोजून ठेवायचा,
आणि हेतल वहिनींच्या सासूबाई
माझ्या टेबलावर वाकून म्हणायच्या,
"घड्याळ बरोबर आहे ना गं? मोबाइलला लावून घे."

मी लावून घेतलं.
अकरा शेहेचाळीसला मुलगा.
केळीच्या बागांचा मालक वजनकाट्यापाशी रडला,
पेढ्यांचा पुडा नेणारा पोरगा जिन्यात घसरला,
त्यावरही सगळे हसले.
बिलात मुहूर्ताचा वेगळा आकार नव्हता.
'इतर' म्हणून काहीतरी होतं.

आता धडगावकडे, डोंगरात. सरकारी दवाखाना,
अकरा महिन्यांचं कंत्राट.
खिडकीतून मोह दिसतो.
भिंतीवर घड्याळ आहे, त्यात सेल नाही.
रकाना तोच. सात. जन्मवेळ.

सुरपी पावरा आली
ती बांबूला बांधलेल्या लुगड्यातून.
चौघांनी खांदे बदलत आणली.
बाळ वाटेतच झालं, तिसऱ्या नाल्यापाशी.
नाळ कशाने कापली ते मी विचारलं नाही,
तो प्रश्न आठव्या रकान्यात आहे.
वेळ विचारली.
तिच्या नवऱ्याने, दिवल्याने, वर पाहिलं,
पत्र्याकडे,
जसं काही आभाळ अजून तिथेच आहे.
सासू पावरीत काहीतरी पुटपुटली.
आमची आया पारोळ्याची, तिने मला सांगितलं,
"चांद मोहाना मांगे गया ना माय, तव्हय."

संगणकात चंद्र टाकता येत नाही.
रिकामं सोडलं तर रकाना लाल होतो,
पुढे जाऊ देत नाही.
म्हणून माझ्या आधीच्या मुलाने
सगळ्यांना शून्य शून्य, शून्य शून्य लावलं होतं.
दोन वर्षं या डोंगरातली यच्चयावत लेकरं
बरोब्बर मध्यरात्री जन्मली.
वरून कोणी विचारलं नाही. तक्ता भरलेला होता.

सुरपीचं रक्त थांबेना.
रक्ताच्या पिशव्या नंदुरबारला.
भूलतज्ज्ञ मंगळवारी, आणि आज शुक्रवार.
डॉक्टर पोरगेलासा,
दोन्ही हातांनी तिचं पोट दाबून धरलेलं,
नजर न हलवता म्हणाला,
"रेफर लिहा. वेळ टाका."
ती वेळ मात्र मिनिटासकट लागते.
पहाटेचे तीन दहा.
गाडी उताराला लागली.
दिवल्याच्या चपला दाराशीच राहिल्या.

पोर सासूच्या ओच्यात. मुलगी. एक किलो नऊशे.
मी लाल रकान्यासमोर.
काय झालं मला, ठाऊक नाही,
बोटांनी टाकलं:
अकरा बेचाळीस.
गुरुजींचं पहिलं मिनिट.
हेतल वहिनींचं ते चार मिनिटांनी हुकलं होतं,
तेव्हापासून तसंच पडून होतं,
कोणी वापरलं नव्हतं.
संगणकाने विचारलं, दिवस की रात्र?
रात्र, म्हटलं.
लाल गेलं.

सासूला सांगितलं, लिहिली गं वेळ, चांगली लिहिली.
तिने मान हलवली.
पोरीचे कान पदराने झाकले,
मग आयाला काही विचारलं.
आया बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.
"ती म्हणते, सुनेची काय लिहिली?"

तीन दहा, मी म्हणाले.
त्यापुढची नंदुरबारला लिहितात.