पिठोरीचं जेवण

आई गेल्यानंतरची पहिली पिठोरी वर्षाच्या आतली,
ती आपोआप टळली.
दुसरी टाळता येईना.
"पाचपाखाडीलाच करू," श्रीरंग म्हणाला,
"घर आहे तोवर."
जिन्यात बिल्डरची नोटीस लागून दोन महिने झालेले,
त्या 'तोवर'वर कुणीच काही बोललं नाही.

एकवीस माणसं. आमच्या सहा खुर्च्या,
कारखानीसांकडून आणलेल्या चार,
उरलेल्यांना दिवाण आणि जमीन.
वाल मी दोन दिवस आधी भिजवले,
सोलताना अंगठ्याचं नख दुखेपर्यंत
आईला मनातल्या मनात बोलले:
एवढासा दाणा, आणि काय हा मान त्याचा.
मृणाल खारघरहून निघाली ती ऐरोलीला अडकली,
मांडीवरचा डबा सव्वा तास
लहान मूल धरावं तसा धरून.

डब्यात निनाव.
माझ्या हातातल्या थाळ्यातही निनाव.
रोहिणीवहिनीने ओट्यावरचा रुमाल उचलला,
खाली निनाव.
सायलीने तर वजनकाट्यावर मोजून केलेलं,
चौकोनी, पट्टी लावून कापलेलं.
कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

मृणालचं काळपट, गुळाला धीर न धरवलेलं.
माझं खालून करपलेलं, वरून मात्र देखणं.
वहिनीच्यात जायफळ, नेहमीसारखं
जास्त.
"आई असंच करायची," मृणाल म्हणाली.
"छे, नारळाचं दूध आई शेवटी घालायची."
"मी समोर उभी राहून पाहिलंय."
"मी तर ढवळलंय."
बिरडं गार होत होतं.
पोरं पुऱ्यांची टोपली घेऊन
कधीच आतल्या खोलीत पसार झाली होती.

बाबांनी चारही तुकडे ताटात घेतले.
सावकाश खाल्ले, चष्मा काढून, पुसून,
जसा ते जुना हिशेब तपासायचे.
मग म्हणाले, "ते टिपणीसबाईंचं असायचं."

"काय?"

"निनाव. खोपटला, डेपोच्या मागे राहतात त्या.
आठ-दहा वर्षं झाली असतील. मीच आणायचो पिशवीतून.
ही आपल्या थाळ्यात काढायची, वरून तुपाचा हात फिरवायची,
आणि तुम्ही यायच्या आत
मला खोका टाकायला खाली पाठवायची."

पंखा कुरकुरत होता, तेवढंच ऐकू आलं.
आणि मग रोहिणीवहिनी हसली.
आधी नाकातून, मग पदर तोंडाशी धरून,
मग पदर सोडून.
"दहा वर्षं," ती म्हणाली, "दहा वर्षं मी
जायफळाची माफी मागतेय त्यांची!"
श्रीरंगला ठसका लागला. कारखानीसांची एक खुर्ची
हसण्याच्या भरात मोडली.
मृणाल मात्र उठून आत गेली
आणि रिकामा नळ बराच वेळ वाहता ठेवून परत आली.

वाणाची वेळ.
ज्यांची मुलं होती त्या आयांनी
खीरपुरी डोक्यावर धरली, मागे न बघता विचारलं,
"अतीत कोण?"
ईशान मोबाइलमधून मान न काढता, "मी."
सायलीची छोटी तीनदा, "मी मी मी."
आम्ही तिघं भावंडं कपाटाला टेकून उभी.
तीन वर्षांपूर्वीपर्यंत,
गुडघे दुखणारी, केस रंगवणारी आम्ही
अशीच रांगेत आईच्या पाठीमागे असायचो,
आणि हसू दाबत उत्तर द्यायचो.

रात्री अकराला डबे भरायला घेतले.
एकाचं झाकण दुसऱ्याला बसेना.
बाबा स्वयंपाकघराच्या दारात आले,
चार थाळ्यांतलं उरलंसुरलं एका पातेल्यात जमवलेलं,
ते हातात घेऊन, आमच्याकडे पाठ,
दिव्याचं बटण चाचपडत म्हणाले,
"हे नेणार कोण?"

"मी," श्रीरंग म्हणाला.
"मी," मी म्हणाले.
"मी," मृणाल म्हणाली, जिला साखर आहे
आणि जिने दिवसभरात
एक तुकडाही तोंडात घातला नव्हता.

बाबांना बटण सापडेना.