लिस्बनला निघालेल्या भाचीला

शर्वाणी,
लिस्बन मी पाहिलेलं नाही.
पण एकतीस वर्षं ठाण्यात दारोदार
पाण्याचे मीटर वाचत हिंडलो,
तेव्हा पायांबद्दल चार शब्द बोललो तर ऐकून घे.

नवे बूट घेतलेस, बरं केलंस.
आता महिनाभर ते खारकर आळीपासून
चेंदणी कोळीवाड्यापर्यंत रोज वापर.
चावायचे ते इथेच चावू देत,
इथे मामीचं खोबरेल आहे.

तिथे सगळा चढ, म्हणतेस, आणि दगड गुळगुळीत.
चढावर बोलू नकोस. उतारावर पाऊल आडवं टाक,
कोळणी ओल्या धक्क्यावर टाकतात तसं.
आणि मुतारी दिसली की जाऊन ये,
गरज नसली तरी. हसू नकोस,
निम्मी शहरं माणसं या एका कारणाने
अर्धवट बघून परततात.

नकाशा फोनमध्ये असू दे,
पण रस्ता विचारायचा तो शिंप्याला.
वाण्याला घाई असते, पोलिसाला कंटाळा.
शिंपी एकाच खिडकीतून
चाळीस वर्षं एकच गल्ली बघत असतो.
जांभळी नाक्यामागचा गफूर
मला आधीच सांगायचा, कुठल्या घरात कुत्रं आलंय,
कुठल्या घरात भांडण चालू आहे, आज नका जाऊ.

गाईड सांगेल वर बघा: सज्जे, कौलं, घुमट.
बघ की. पण खालीही बघ.
गटारांच्या लोखंडी झाकणांवर
साल असतं, ओतणाऱ्या कारखान्याचं नाव असतं,
आणि त्यावर कुणी पैसे मागत नाही.

गंमत म्हणजे, तू ज्यांच्या गावी चाललीस
ते आपल्याकडे राहून गेलेत.
मासुंद्याजवळ त्यांचं चर्च.
खाडीकडे किल्ला बांधायला घेतला,
तो पुरा व्हायच्या आत मराठ्यांनी त्यांना हाकललं.
आता तिथे तुरुंग.
तिथला मीटर आतल्या बाजूला होता,
दर दोन महिन्यांनी माझी झडती व्हायची,
कानावरच्या पेन्सिलीसकट.
कुणी विचारलंच तिथे, कुठून आलात,
तर सांग, तुमचं अर्धं राहिलेलं काम
आमच्याकडे आहे.

आता एक कबूल करतो.
टेंभी नाक्याजवळचं सिनेगॉग,
त्याचा मीटर फाटकातून शिरताच डाव्या हाताला.
आकडा घ्यायचा, वही मिटायची, पुढचं घर.
एलिझर झिराडकर पायरीवरून हाक मारायचे,
"चहा?"
मी म्हणायचो, पुढच्या खेपेला.
एकतीस वर्षांत किती खेपा होतात,
हिशोब तुला जमेल. मी नाही करत.

तुझा फोन आला, त्याच आठवड्यात गेलो.
एलिझर आता नाहीत. नातू होता.
म्हणाला, "मीटर बघायला आलात?"
म्हटलं, नाही, आत बघायला.
त्याने डोक्यावर ठेवायला टोपी दिली.
आत लाकडी बाकं, उंच खिडक्या,
फरशीवर उन्हाची एक पट्टी.
मी बसलो तेव्हा ती बाकाखाली होती,
उठलो तेव्हा भिंतीपाशी.
एवढं मी त्या आवारात
कधीच थांबलो नव्हतो.

म्हणून यादीत वीस ठिकाणं असतील
तर सात खोड.
कुठली, ते मी कसं सांगू?
कुणी पायरीवरून हाक मारली, तर मात्र बस.
भाषा येत नसली तरी कप दोन्ही हातांनी धरता येतो.

माझा गुडघा आता चेंदणीच्या पुढे नेत नाही.
तू रोज रात्री फोनमध्ये बघून
पावलं किती झाली तेवढं कळवत जा.
जुन्या वहीत शेवटची दोन पानं कोरी आहेत.
मागचा आकडा, चालू आकडा, फरक.
रकाने आखून ठेवलेत.