सातवं पूट

अकरा मे. पुन्हा दीक्षितांचा फोन, पुण्याहून.
"दादरच्या दुकानात त्या लांज्यावाल्यांचं आमसूल लागलंसुद्धा.
तुमचं कुठे आहे?"

आमचं इथे आहे, दीक्षित.
उभादांड्याच्या अंगणात, सुपांत, रोवळ्यांत,
आणि मांडवाला बांधतात त्या हिरव्या जाळीवर,
सहा वेळा रसात बुडून सहा वेळा सुकलेलं.
सगुणा परब एक साल उचलते,
उन्हासमोर धरते, दोन बोटांत दाबते,
कानाशी नेऊन काय ऐकते ते मला अजून कळलेलं नाही,
आणि म्हणते, "आजून येक पूट व्हया."

एक पूट म्हणजे एक रात्र रसात, दोन दिवस उन्हात.
दोन दिवस म्हणजे ट्रक चुकला.
ट्रक चुकला म्हणजे मे गेला,
आणि सोलकढी लोकांना उकाड्यातच आठवते,
जूनमध्ये माणसं चहाकडे वळतात.
हे बी.कॉम.ला कुणी शिकवलं नाही,
बँकेच्या हप्त्याने शिकवलं.

गेल्या वर्षीचं एक पाकीट
तराजूशेजारी ठेवलंय. फोडत नाही.
आत तांदळाच्या पिठीसारखी बुरशी,
वर सोनेरी अक्षरांत आमचं नाव.
चार पुटांवर पाठवलं होतं.
तेव्हाही फोन होता, तेव्हाही दादर होतं.
दोनशे चाळीस पाकिटं एसटीच्या टपावरून परत आली.
वेंगुर्ला डेपोत खोके उतरवताना हमाल म्हणाला,
"ह्यां काय, परत इलां?"
डेपोभर ऐकू गेलं.

पण थांबणं म्हणजे पुण्यच, असंही समजू नका.
आमचे दिगूकाका आठव्या पुटासाठी थांबले होते.
आठवं कुणी देत नाही. त्यांना द्यायचं होतं.
रंग अजून काळा हवा, म्हणाले, जांभळासारखा.
एका रात्रीत आभाळ उतरलं
आणि सकाळी अंगणातून तांबडं पाणी
व्हाळाकडे, व्हाळातून समुद्राकडे.
काकी दारात उभी राहून म्हणाली,
"घे रे बाबा, सोलकढी पी."
त्या आमसुलाला कुणी नाव ठेवलं नाही.
कुणी खाल्लंच नाही.

या दोहोंच्या मधे कुठेतरी ती तारीख असते.
कधी सगुणाच्या बोटांत, कधी माझ्या वहीत,
आणि बोटं नि वही
आठवडा आठवडा एकमेकांशी बोलत नाहीत.

आज दुपारी मी स्वतः पाहिलं.
वाटीत एक साल, वर नारळाचं दूध.
गुलाबी आलं, पण उशिरा आलं,
दुसऱ्यांदा बोलावणं पाठवून आणलेल्या पाहुण्यासारखं.
जीभ म्हणाली, चालेल.
हा 'चालेल' मला गेल्या वर्षीही भेटला होता.

फोन लावला.
"आगळ आज पाठवते, शंभर बाटल्या, ते तयार आहे.
आमसूल सोळाला. ट्रक नसेल तर एसटीने, माझ्या खर्चाने."
पलीकडे शांतता. मग कॅल्क्युलेटरची टकटक.
"आणि लेबलं?"
"छापा. फक्त तारखेची जागा कोरी ठेवा.
मी हाताने घालीन."

रात्री पिंपात हात, कोपरापर्यंत लाल.
सगुणा साली सोडते, मी ढवळते.
समुद्रावर काहीतरी लखलखतं,
निवतीचा दिवा असेल, नाहीतर वीज.
सगुणा मान वर करत नाही.
मी करते. मोजते.
दिवा ठरल्या अंतराने येतो, वीज येत नाही.
दुसऱ्यांदा ठरल्या अंतराने आला.
तिसऱ्यांदाही.
चौथ्याची वाट न बघता
मी पिंपावर झाकण ठेवलं.