चार कुप्या

वखारीतल्या बाया गुरुवारी येतात, बाजार करून.
पिशवीत आधी मिरच्या भरतात, मग माझी पायरी चढतात.

सत्यव्वा आली तेव्हा पदरावर पिवळी धूळ होती,
आणि आवाज दार लावलेल्या खोलीतून यावा तसा.
'म'चा 'ब' झाला होता तिचा, 'न'चा 'द'.
"बला वास येईदा झालाय, डॉक्टरीडबाई."
गाव?
"दिपाडी."

धाकट्याच्या लग्नात म्हणे आमटी करपली.
पंगतीतले सगळे उठले,
ही एकटी दुसऱ्यांदा वाढून घेत होती.
त्याला आता सहा वर्षं झाली.
नाकासमोर बघून चालणारी बाई,
नाकात कुणी पाहिलं नव्हतं.

मी कपाळावरचा दिवा लावला.
पडदा डावीकडे कललेला. त्याचं नवल नाही.
बत्तीस वर्षांत सरळ पडदा मला भेटलेला नाही,
मराठी बोलणाऱ्या नाकात नाही, कन्नड बोलणाऱ्याही नाही.
श्वास अडत नसेल तर मी त्याला हात लावत नाही.

पण त्याच्या दोन्ही अंगांना
सोललेल्या द्राक्षांसारखे फिकट, ओले कोंब.
सळईने टोचून विचारलं, दुखतंय?
मान हलली, नाही.
हीच त्यांची लबाडी.

मग टेबलावर चार कुप्या मांडल्या. डोळे मीट.
लवंग.
"तब्बाखू."
कॉफी.
"तब्बाखू."
खोबरेल.
"तब्बाखूच की वो."
चौथीत मी नुसतं पाणी ठेवते.
तिथे ती रेंगाळली,
नाकपुड्या फुलवून, चेहरा सैल सोडून,
आणि म्हणाली, ह्यात कायतरी आहे.

कागदावर लिहिलं: वास नाही. सवय आहे.

दहा दिवस गोळ्या, रोज थोड्या कमी करत.
फवारा उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत,
डाव्या हाताने उजव्या. पडद्यावर नको, डोळ्याच्या दिशेने.
पाणी उकळून गार केलेलं, त्यात मीठ,
वाकून एकीकडून घ्यायचं, दुसरीकडून सोडायचं.
ती हसली, "म्हशीगत?"
हो, म्हशीगत.
आणि चाळताना तोंडाला फडकं.
त्यावर ती काही बोलली नाही.

गोळ्या संपल्या, कोंब परत आले.
बेळगावला स्कॅन काढला.
जिथे काळं दिसायला हवं तिथे सगळं करडं.
काळं म्हणजे हवा, असं सांगितलं,
ते तिला शेवटपर्यंत पटलं नाही.
शस्त्रक्रियाही तिकडेच झाली. मुलगा दोन रात्री बाकड्यावर झोपला.

दोन महिन्यांनी आली, बाजार नसताना, मंगळवारी.
"निपाणीला येऊन तीस वर्षं झाली," म्हणाली,
'न' आणि 'ण' दोन्ही जागच्या जागी.
मी खूश. ती नव्हती.

"वखारीत पाय टाकला आणि भडाभडा ओकले.
ह्या वासात बसून मी डबा खायची?
लेकराला पाजलं मी ह्या वासात?"
फडकं आता न सांगता बांधते.
काम तेच आहे. दुसरं कोण देणार?

जाताना दाराशी थांबली,
माझा पडदा, खिडकीचा, नाकाशी धरला.
"तुमच्याबी पडद्याला येतोय.
तुम्हाला येत नाही?"

सगळे गेल्यावर मी डोळे मिटून
माझ्याच कुप्या उघडल्या.
लवंग आली. कॉफी आली. खोबरेल आलं.
चौथीला काहीच नाही. नसणारच.
पाणी मात्र मी वखारीमागच्या नळाचं भरते.

सकाळी कोल्हापूरच्या एसटीतून औषधकंपनीचा पोरगा उतरला,
नवीन, गळ्यात टाय, निपाणीत पहिल्यांदाच.
मी त्याला चौथी कुपी हुंगायला दिली.

तो शिंकला.