आठवं बटण

कापणी झाली की म्हातारा गॅदरकोल फोन करतो:
"रान मोकळं आहे. नांगर सोमवारी."
एवढंच. हवापाणीसुद्धा विचारत नाही.
म्हणजे माझ्या हाती तीन दिवस,
गव्हाची खुंटं, रबरी बूट, थर्मासमधला कडू चहा,
आणि कानांवर हेडफोन.

यंत्राची बोली शिकायला दोन वर्षं गेली.
लोखंड खर्जात घोगरं बोलतं,
चांदी वरच्या सप्तकात, एकदम स्वच्छ,
आणि बिअरच्या डब्याची कडी
हुबेहूब चांदीची नक्कल करते.
नॉर्फोकच्या या चिकट मातीत
मी कितीदा गुडघे टेकले एका कडीपुढे!

काडतुसांची पितळी बुडं. अर्धा नाल. ट्रॅक्टरची पिन.
एक पेनी, तिच्यावर राजा की राणी तेही कळेना,
इतक्या अंगठ्यांनी पुसून टाकलेली.
आणि बटणं.
लोक नाणी शोधायला येतात, जमीन बटणं देते.
गॅदरकोलचा बाप सांगायचा,
शहरातल्या चिंध्या गाड्या भरभरून यायच्या खताला.
लोकर कुजली, गव्हात गेली, पावात गेली.
बटणं तेवढी कुणाला पचली नाहीत.

पण हे बटण चिंधीतलं नव्हतं.
थुंकी लावून पुसलं तर
बगळा. चोचीत मासा.
स्टॅनहोल्ट हॉलच्या चाकरांचा बगळा.

आमच्या घरात एक गोष्ट होती, कुणी खरी न मानलेली.
पणजोबा एमॉस थर्केटल, हॉलचा मोतद्दार.
घोडा लंगडा केला धाकट्या साहेबाने,
खापर फुटलं याच्या माथ्यावर.
ऐन नोव्हेंबरात बाहेर काढला.
तो म्हणे याच शेतातून घरी आला
आणि चालता चालता कोटाची बटणं
एकेक उपटून भिरकावत गेला.
कोट साहेबाचा होता. दुसऱ्या दिवशी परत गेला, बटणांवाचून.
"एवढी धमक आपल्या रक्तात असती," मॉड आत्या म्हणायची,
"तर मी पोस्टात चिकटपट्ट्या लावत बसले असते का?"

पहिलं सापडलं हॉलच्या भिंतीलगत.
दुसरं तिथून चार पावलांवर, तिसरं पाच.
मग अकरा.
मग पुढच्या वर्षी, तीस.
मी बियाण्याच्या पिशवीवर नकाशा काढला,
रेघ सरळ गावाकडे.
"शंभर वर्षं नांगर फिरलाय," गॅदरकोल म्हणाला,
"पावलांवर फार भरवसा ठेवू नकोस."
खरं आहे.
तरी मला वाटतं, राग असाच विरत जातो,
आधी दर चार पावलांना, मग आठवेल तेव्हा.

सहा बटणांच्या कड्या तुटलेल्या, वाकड्या.
सातवं कुंपणाच्या पायरीपाशी,
कडी शाबूत.
ते उपटलेलं नाही.
दोरा सोडवून काढलेलं, आणि मग
फेकलं की निसटलं, देव जाणे.

त्यापुढे काही नाही. पायवाट, ओढा, गाव.
दोन वर्षं मी ओढ्यापर्यंत यंत्र फिरवलं.

आठवं आत्याच्या बिस्किटाच्या डब्यात होतं.
तिच्या मागे घर आवरताना सापडलं,
सदऱ्याच्या गुंड्या, हुक, एक तुटकी अंगुस्तान यांच्यात.
लहानपणी मी त्याच्याशी खेळले होते,
बदक समजून बशीतलं पाणी पाजलं होतं त्याला.
कडीत अजून लोकरीचा धागा, निळा,
कोटाचा नव्हे. कुठल्यातरी मुलाच्या स्वेटरचा.
म्हणजे घर दिसू लागल्यावर
त्याला थंडी आठवली असेल.
किंवा पणजीने खिशातून काढून घेतलं असेल, न बोलता.

आमचा करार निम्म्या वाट्याचा.
साडेतीन बटणं गॅदरकोलची.
त्याने एकच उचललं, सर्वात वाकडं.
"त्या वर्षी आमचाही खंड थकला होता," म्हणाला,
आणि टोपीच्या पट्टीत खोचलं.

मी खड्डा बुजवला, ढेकूळ टाचेने दाबलं.
सोमवारी नांगर.