बांधावरचा अर्धा तास

दर मंगळवारी मी भाताच्या रोपांवर
पारदर्शक पेटी पालथी घालते आणि घड्याळ लावते.
पहिली सिरिंज लगेच,
मग दहा मिनिटांनी, वीस, तीस.
बाय लुक काका बांधावर उकिडवे बसून बघतात.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं,
"काय गं यिएम, माझ्या शेताला गॅसेस झालेत का?"
म्हटलं, "हो काका. तुंबलेल्या पाण्याखाली
चिखल गुदमरतो,
आत जे सडतं त्याचे बुडबुडे वर येतात."
"माझंही तसंच होतं," ते म्हणाले, "फणसानंतर."

हाउ नदीकाठी पाणी कुणी मोजत नसे.
कालव्याची फळी उचलली की खाचर भरलं.
आणि मी घेऊन आले एक नळी,
हातभर प्लास्टिकची, भोकं पाडलेली.
चिखलात रोवायची, आत डोकवायचं,
पाणी वीतभर खाली गेलं की मगच फळी उचलायची.
वीतभर म्हणजे कुणाची वीत?
त्यांची की माझी,
या वादात एक सिरिंज चुकली.

जमीन पहिल्यांदा तडकली त्या रात्री
काका झोपले नाहीत.
बॅटरी घेऊन तीनदा नळीपाशी गेले,
तापलेल्या पोराच्या कपाळाला हात लावायला जावं तसे.
बायकोला म्हणाले, "शेत ओरडतंय."
ती कूस बदलत म्हणाली, "बेडूक आहेत ते."

सगळं सुरळीत झालं असं नाही.
उंदीर आले, कोरड्या पायांनी.
गवत दोनदा जास्तीचं काढावं लागलं.
बदकांनी शेजारच्या थाकच्या खाचरात बिऱ्हाड हलवलं,
मग अंडी कुणाची यावरून
दोन्ही घरांत आठवडाभर अबोला.

त्याच थाकने एका अंधाऱ्या पहाटे
आमची फळी उचलली, गुपचूप.
मंगळवारी माझे आकडे उसळले.
मी चिडले. काका नाही.
"अगं, त्याला वाटलं मी आजारी पडलोय.
धडधाकट माणूस शेत असं सुकू देईल का?"

फुलोऱ्यात वादळ आलं.
थाकचं भात आडवं झालं,
आमचं कललं आणि थांबलं.
काकांनी एक रोप उपटून माझ्या पुढ्यात धरलं.
मूळ लांबलचक, मातीने माखलेलं.
"आळशी होतं," ते म्हणाले,
"आयतं मिळायचं, तोवर खाली कशाला जाईल?"

पोती भरली एकशे बेचाळीस.
गेल्या हंगामात एकशे चव्वेचाळीस होती.
वहीत त्यांनी लिहिलं:
उंदीर, दोन.
त्याखाली डिझेल, निम्मं.
पेंढा पेटवला नाही, अळंब्यांच्या वाफ्यांवर गेला.

माझी सिरिंज ते उजेडात धरून बघतात अजून.
"रिकामीच तर आहे."
म्हणते, "कमी झालंय ते दिसत नाही, काका."
ते मान हलवतात. पटलेलं नसतं.

परवा थाकच्या खाचरात
बांबूचं एक नळकांडं उभं दिसलं,
भोकं वेडीवाकडी, सुरीने कोरलेली.
मी काही विचारलं नव्हतं.
तोच बांधापलीकडून म्हणाला,
"बदकांसाठी आहे."